कुणी पडलं की तो दिसायचा

मार्च लागला की आमच्या मन्सूऱ्यातल्या बिल्डिंगीत एसी सुरू होतात. हिवाळाभर गप बसलेले डबे एकेक करून घुरघुराय लागतात आणि वरच्या मजल्यावरचं पाणी आमच्या गॅलरीच्या पत्र्यावर टपटप पडाय लागतं. इथं कतारमधल्या दोह्यात ऋतू असाच कळतो. एसी लागला, उन्हाळा आला. एसी बंद झाला, उन्हाळा गेला. मधलं काही नाही.

काल ते पाणी परत वाजलं आणि मी उठून गॅलरीचं दार लावून घेतलं. उन्हाळ्याला मी भीत नाही. भर वैशाखात रानात वाकलेली बाई मी, उन्हानं माझं काय वाकडं व्हायचंय. पण तिकडं बोलिव्हिया म्हणून देश आहे, तिथला फुटबॉलचा सीझन ह्याच दिवसांत उभा राहतो आणि इकडं एसी बंद व्हायच्या टायमाला संपतो. एक साली तो सीझन मी बघितला. माझं शिक्षण चौथी. फुटबॉल मला तेव्हाही कळत न्हवता, आताही कळत नाही. मी माझं पोरगं बघत होते.

पोरगं म्हंजे उत्तम. चाळिशी उलटलेला माणूस, पण मला पोरगंच. त्याचा बाप कोल्हापुरात तालमीत पैलवानांची मालिश करायचा. आमच्यात तालमीतलीच पोरं फुटबॉल खेळतात. पेठेपेठेचा संघ असतो, आणि हरलं की चार दिवस दुसऱ्या पेठेतनं मान वर करून जायची सोय नाही. उत्तम बापाच्या हाताखाली पाय चोळत मोठा झाला, मग शिकून फिजिओ झाला, मग इथं दोह्यात एका क्लबात लागला. त्या क्लबाचा कोच बोलिव्हियाचा. तांबूस माणूस, मान आमच्या पैलवानांसारखी. तो आपल्या देशात परत गेला आणि जाताना उत्तमला म्हणाला, चल माझ्यासंगं.

"एक सीझनचीच गोष्ट आहे आई," उत्तम म्हणाला. "पहिल्या नंबरची लीग आहे त्यांची. आपल्यातलं कोण गेलंय तिथं?"

"गाव कसलं हाय?"

"उंचावर हाय जरा."

तो 'जरा' मला खटकला. वैशाली, माझी सून, हॉस्पिटलात लॅबमध्ये कामाला आहे. तिला उंची म्हंजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.  ती कपाटाकडं तोंड करून त्याचे शर्ट घडी घालत होती, आणि घातलेली घडी परत मोडून परत घालत होती.

उत्तम पाच वर्षांचा असेल. माझ्या माहेरी गुऱ्हाळावर घेऊन गेल्ते. काहिलीतली वाफ, चुलवणाचा धूर, आणि पोरं गरम गुळासाठी गोळा झालेली. बघते तर हा एका बाजूला पोत्यावर बसलाय, खांदे कानाला लागलेत आणि ओठ जांभळाच्या सालीसारखे. रडत न्हवता. रडायला लागणारा वारासुद्धा त्याच्या छातीत न्हवता. तिथनं मी त्याला पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत पळाले. पुढं दमा गेला म्हणतात, मोठेपणी जातो म्हणतात. जाऊ दे. पण पाठीवर त्याची छाती कशी चिकटून ओढत होती ते माझ्या पाठीला अजून माहीत आहे.

पोचल्यावर त्याचा पहिला फोन आला तेव्हा हसत होता. म्हणाला, "आई, बॅगेत दम्याचे दोन पंप निघाले गं. तुम्ही दोघींनी एकेक ठेवलाय. एकमेकींस्नी विचारायचं तरी."

मी वैशालीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच मिक्सर लावला.

दुसऱ्या फोनला म्हणाला, "इथं भात शिजत न्हाई. पाणी उकळतंय, बुडबुडे येतात, पण तांदूळ टणक तो टणकच. हवा पातळ हाय म्हणून."

"कुकर न्हाई का मग?"

"आणलाय की. कुकरात होतोय. तू काळजी करू नको."

कसली करू नको? जिथं उकळत्या पाण्यात भात शिजत नाही तिथं माझं पोरगं श्वास काय घेत असेल, हेच माझ्या डोक्यात. त्या दिवसापास्नं मी रोज भात टाकताना कुकराच्या शिट्टीला भ्यायला लागले. शिट्टी झाली की वाटायचं, इकडं झाला. तिकडं झाला असंल का?

मॅच तिकडं दुपारी असायची, आमची इकडं निजायची वेळ. म्हणून दुसऱ्या दिवशी माझी नात ईरा शाळेतनं आली, हातपाय धुतले, की लॅपटॉप टीव्हीला जोडायची आणि आम्ही कालची मॅच आज बघायचो. म्हंजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं. कोण जिंकलं, कुणाचा पाय मोडला, सगळं देवानं काल दुपारीच लिहून मोकळं केलेलं. आणि मी आज संध्याकाळी हात जोडून बसायचे. ईरा म्हणायची, "आजी, इट्स ओव्हर. ऑलरेडी ओव्हर." मी मराठीत बोललेलं तिला सगळं कळतं, पण तिच्या तोंडातनं येतं ते इंग्रजीच. मी म्हणायचे, "व्हय, पण मला कुठं ठाव हाय काय झालंय ते? तवर नमस्कार करायचा."

उत्तमचा संघ जांभळट जर्सीचा. आम्ही त्यास्नी वांगी म्हणायचो. "आज वांगी कुणाबरोबर?" असं वैशाली ड्युटीवरनं फोन करून विचारायची. सारखी हरायची बिचारी. पण हरल्या-जिंकल्याशी माझं काय देणंघेणं? कॅमेरा बाकड्यावर जातच नाही कधी. सगळा वेळ चेंडूमागं. उत्तम बसलेला असायचा मैदानाबाहेर, आणि दिसायचा फक्त एका कारणानं. वांग्यांमधलं कुणी पडलं, कळवळलं, पंचानं हात केला, की तो लाल बॅग घेऊन पळत आत यायचा. गुडघ्यावर बसायचा, पाय हातात घ्यायचा, पाण्याचा फवारा मारायचा, आणि परत पळत बाहेर. तेवढंच दर्शन.

म्हणून मी कुणी पडायची वाट बघायचे.

आता हे काय बरं बोलणं आहे का? पण खरं तेच. समोरच्या संघातला पडला तर त्यांचा माणूस यायचा, मला त्याचं काय. एकदा माझ्या तोंडातनं निघालंच, "हा कशाला पडला मेला, आपला पडाय पाहिजे."

"आजी! दॅट्स सो मीन."

मीन म्हंजे काय ते मी विचारलं नाही, तिच्या तोंडावरनं कळलं. पण पुढच्या मॅचला वांग्यांचा एक उंच पोरगा धपकन आडवा झाला आणि ईराच टाळी वाजवून ओरडली, "पापा! पापा इज कमिंग!" मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं. त्या पोराच्या आईला कळलं असतं तर तिनं आम्हाला काय म्हटलं असतं?

तो आत आला की मी त्याचा चेहरा बघत नसे. चेहरा लहान दिसायचा, आणि चेहरा तो मला हसरा दाखवणारच. मी बघायचे खांदे. पळून आल्यावर खांदे वर-खाली किती होतात. उठताना हात मांडीवर टेकतोय का. एकदा तो खेळाडूपाशी बसला आणि बॅग उघडायच्या आधी जरा थांबला. बघणाऱ्याला वाटंल, पाय बघतोय. मी म्हटलं, "हे मागं घे गं." ईरानं मागं घेतलं. परत बघितलं. परत घे म्हटलं. वैशाली दारात कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. पर्स खांद्याला तशीच.

"काय बघताय आत्या?"

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मी म्हटलं, "काय न्हाई. त्याचे बूट नवीन हायत वाटतं."

"हं," ती म्हणाली. "बूट चांगले आहेत."

दोघींनी बुटावर भागवलं.

उन्हाळा चढत गेला. जूनमध्ये इथं धुळीचा वारा सुटतो, खिडक्या बंद असल्या तरी ताटावर पिठी बसते. दुपारी मी एकटीच. खाली उतरायची सोय नाही, रस्ता तव्यासारखा. समोरच्या दुकानातला मल्याळी माणूस फोन केला की कोथिंबीर वर पाठवायचा. बाकी एसीचा आवाज आणि मी. मी एकटेपणाला भिणारी न्हवे. नवरा गेल्यावर रानातल्या घरात एकटी राहिलेय. पण तिथं काय व्हायचं ते माझ्या दारातनं आत यायचं, मला समोर दिसायचं. इथं भीती त्या फोनच्या काचेत बसलेली. उलटा ठेवला तर वाटायचं वाजंल आणि कळणार नाही. सुलटा ठेवला तर नजर हटायची नाही.

मग एक मॅच अशी आली की वांग्यांचा गोलकीपर पडला आणि आत आला दुसराच माणूस. टकला, बुटका. बॅग तीच, लाल.

माझ्या हातातली तांदळाची परात खाली आली. ईरा उभी राहिली. वैशाली घरातच होती, तिनं फोन लावला. लागेना. परत लावला. मी तांदूळ गोळा करत होते, सगळे एका जागी आले तरी फरशीवर हात फिरवत होते. शेवटी फोन लागला आणि तिकडनं उत्तमचं हसणं ऐकू आलं. त्याला आधीच्या मॅचला लाल कार्ड मिळालंय म्हणे! खेळाडूला नाही, फिजिओला! पंच आत सोडत न्हवता म्हणून ह्यानं त्याला झापलं होतं.

"कुठल्या भाषेत झापलंस?" वैशालीनं विचारलं.

"आपल्याच. म्हटलं, डोळं घरात ठेवून आलायस काय रे?"

"आणि त्याला कळलं?"

"हातवारे कळले."

एक मॅच बाहेर बसायची शिक्षा झाली होती. वैशाली इतकी हसली की तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. मी ईराला म्हटलं, जा, आईला पाणी दे. उत्तम म्हंजे कोल्हापूरचं पाणी, कुठंही नेऊन ठेवा, तोंड उघडायचंच. त्या दिवशी मला पोराच्या तोंडाळपणाचा अभिमान वाटला.

आणि तिथंच आमचा घात झाला.

त्यानंतर वांगी खाली सपाटीच्या गावाला खेळाय गेली. तिथं गरम असतं, दोह्यासारखं. तिथनं त्याचा फोन आला, आवाज खणखणीत, म्हणाला, इथं भात साध्या भांड्यात शिजला बघ. मग परत वर गेली, घरच्या मैदानावर मॅच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बसलो. वैशालीला सुट्टी होती, तिनं भडंग केलेलं, ईरा ताटलीतले शेंगदाणे वेचून खात होती. वांग्यांचा एक पडला. आत आला टकला.

"झालं!" वैशाली म्हणाली. "परत कार्ड खाल्लं ह्या माणसानं."

"ह्या टायमाला काय म्हणाला असंल?" मी म्हटलं.

"पंचाच्या आईपर्यंत गेला असणार."

"हॅट्ट! आईवरनं बोलायचा न्हाई तो."

आणि आम्ही हसलो. आम्ही तिघींनी ती सगळी मॅच हसत बघितली. वांगी त्या दिवशी जिंकली. वैशालीनं उठून चहा टाकला. आदल्या दिवसापास्नं त्याचा फोन आला नाही हे आमच्या लक्षात होतं, पण मॅचच्या दिवशी तो करायचाच नाही. तोंड लपवून बसला असंल, लाजला असंल, असंच आम्ही धरून चाललो.

चहा उतू गेला तेव्हा फोन वाजला. कोचचा. त्याचं इंग्रजी तोडकं. वैशाली "यस, यस" म्हणत होती, मग यस म्हणायची थांबली. गॅसचं बटण तिनं बंद केलं, मग परत चालू केलं, मग परत बंद केलं. फोन ठेवून तिनं मला सांगितलं ते एखाद्या अनोळखी पेशंटाच्या माणसाला सांगावं तसं.

"फुप्फुसात पाणी झालंय. ऑक्सिजनवर ठेवलंय. खालून वर परत गेल्यावर होतं म्हणे असं. कालपासून हॉस्पिटलात आहे."

मी इतके दिवस भ्याले दम्याला. दम्यासाठी दोघींनी दोन पंप दिले. आणि आलं ते वेगळ्याच वाटेनं. खाली जाऊन आलं की वर धोका असतो हे आम्हाला कुणी सांगितलं न्हवतं. खाली गेला तेव्हा मी सुटल्यासारखी निजले होते.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आठवतात ते तुकडे. वैशालीनं जायची धडपड केली, पण विमानं बदलत बदलत दोन दिवसांचा रस्ता, आणि व्हिसाचं काय ते जुळेना. ती रोज ड्युटीवर जायची, कारण घरी बसून करायचं काय. माणसांचं रक्त तपासायची आणि येऊन जेवायची नाही. ईरा लॅपटॉपला हात लावायची नाही. एक दुपारी मी दुकानात फोन केला, पातीचा कांदा पाहिजे म्हटलं. तो माणूस म्हणाला, "अम्मा, खलास." इथं सगळे असंच बोलतात, दिवसातनं शंभरदा कानावर पडतं. त्या दुपारी मी फोन ठेवला आणि भिंतीला धरून खाली बसले.  कांदा मागवायचं काही कारणही न्हवतं, तो एकट्या उत्तमलाच आवडतो.

रडले नाही. रडणं आलं की वाटायचं, रडायचं कारण झालंय असं देवाला वाटंल.

त्याचा पहिला फोन आला तो खालच्या गावातनं. क्लबवाल्यांनी त्याला खाली उतरवलं होतं. आवाज पिचका. म्हणाला, "आई, बरा हाय." तीन शब्द, आणि मधे श्वास. मी म्हटलं, "बोलू नको. फोन चालू ठेव नुसता." मग तो तिकडं श्वास घेत राहिला आणि मी इकडं ऐकत राहिले. वैशाली शेजारी येऊन कान लावून उभी राहिली. तिचा गाल माझ्या गालाला लागला. सून-सासू म्हणून इतकी वर्षं एका घरात काढली, पण तसा गाल कधी लागला न्हवता.

तो दोह्यात परत आला तेव्हा पँट कमरेत राहत न्हवती, पट्ट्यानं आवळलेली. एअरपोर्टवर ईरा त्याला चिकटली आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "पप्पा, परत नाही जायचं." 

सीझन उरलेला होता. वांगी आता त्याच्याशिवाय खेळत होती, खालच्या लीगमध्ये घसरणार का टिकणार असं चाललेलं. आम्ही तिघी बघायचो. मी सुरुवातीला देवाकडं मागितलं होतं की वांगी घसरू देत, पोरगं घरी येऊ दे. आता पोरगं घरी होतं, तर मला वाटायचं, टिकू देत बिचारी. उत्तम त्या खोलीत थांबायचा नाही. कुठलीतरी वस्तू शोधायच्या निमित्तानं आत जायचा. एकदाच विचारलं त्यानं, तेही दाराआडनं, "कीपरचा खांदा कसा हाय?" मी म्हटलं, "मला काय कळतंय? हात वर करतोय की." वांगी शेवटच्या मॅचला टिकली. इकडं एसी बंद झाले.

आता तो इथंच एका क्लिनिकात आहे. संगं बिजू म्हणून केरळचा पोरगा काम करतो. आमच्या घरी जेवायला येतो, तांबडा रस्सा पिऊन नाक पुसतो आणि परत मागतो. त्या कोचनं ह्या साली परत माणूस मागितला. उत्तमनं नाही म्हटलं, तर बिजूला विचारलं. बिजू आनंदानं उड्या मारत आला. उत्तमनं त्याला समोर बसवून सगळं समजावलं. वर कसं हळूहळू जायचं, खालून वर आल्यावर दोन दिवस पळायचं नाही, छातीत घुरघुर झाली की कोचचं ऐकायचं नाही, उतरायचं. बिजू मान हलवत होता. पंचविशीतल्या पोरानं हलवावी तशी.

मी माझ्या हिंदीत म्हटलं, "बेटा, मत जाव."

तो हसला. "अम्मा, मेरेको दमा नहीं है."

उत्तमला पण तिथं दम्यानं धरलं न्हवतं. पण हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, आणि तो गेला.

काल पत्र्यावर पाणी वाजलं, म्हणून हे सगळं निघालं. संध्याकाळी ईरानं न विचारताच टीव्ही जोडला. पहिली मॅच, वांग्यांची, घरच्या मैदानावर. होऊन गेलेली. वैशाली ड्युटीवर होती. मी पाय वर घेऊन बसले. बघते तर उत्तम आतनं आला, जरा उभा राहिला, आणि माझ्या शेजारी बसला.

कितीतरी वेळ कुणी पडलंच नाही. मग एक पोरगा दुसऱ्यावर आदळला आणि आडवा झाला. पंचानं हात केला. लाल बॅग घेऊन बिजू आत आला, तरणा, बेफाम पळत. गुडघ्यावर बसला. पायाला हात घालायच्या आधी जरासा थांबला.

ईरानं माझ्याकडं बघितलं नाही, बापाकडं बघितलं.

बिजू उठला. बॅग उचलली. पळत बाहेर गेला. मग माझ्या शेजारी उत्तमनं श्वास सोडला, मोठा. तेव्हा मला कळलं की त्यानं तो धरून ठेवला होता.

म्हणाला, "आई, तू असंच बघायचीस?"

"व्हय."

"सगळा सीझन?"

"तू होतास तवर."

 टीव्हीवर वांगी परत चेंडूमागं लागली होती. मग त्या बाजूच्या कोपऱ्यात आणखी एक जण कोसळला, आणि कोण आत येतंय ते दिसायच्या आधीच उत्तमनं माझं मनगट धरलं. मालिशवाल्याचा हात तो, चांगला दुखला. मी सोडवून घेतला नाही.